आपले लोक मूळचे कुठले

मी आजाराशी झुंज दिली असं माझ्याबद्दल कोणी म्हणू नये. आजार अंगातच होता, बिचारा जाणार कुठे. मी भांडले ती माणसांशी, आणि त्यातली बरीचशी माझ्याच घरातली होती. आता मी बरी आहे, म्हणजे हा आजार जेवढं बरं राहू देतो तेवढी. रत्नागिरी-रायगडच्या बायका इथे दुबईत दावतीत भेटतात, कोपऱ्यात ओढून विचारतात, "तुला नेमकं काय झालं होतं गं?" प्रत्येकीला कानात सांगून मी कंटाळले. म्हणून एकदाच मोठ्याने लिहिते.

माझं नाव रुबिना. माझा रंग काळा आहे. सावळा नाही, निमगोरा नाही, काळा. केस बारीक कुरळे, कंगवा मोडतील असे. माझे अम्मी आणि अब्बा मावसभावंडं, आमच्यात ते चालतं, आणि दोघांची नानी सिद्दी होती, मुरुडच्या बाजूची. सिद्दी म्हणजे कित्येक पिढ्यांमागे आफ्रिकेतून कोकणच्या किनाऱ्यावर आलेले लोक. जंजिऱ्यावर त्यांनी राज्य केलं. शाळेच्या पुस्तकात सिद्दी चालतात, घरात चालत नाहीत. आमच्या घरात त्या नानीचा विषय निघाला की अम्मी उठून चहा टाकायला जायची. माझ्या लग्नाच्या वेळी फोटो स्टुडिओवाल्याने मला एवढी उजळ केली की मीच विचारलं, ही कोण.

कार्ड बंद

माझा नवरा इर्शाद अबुधाबीला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होता. खलिफा सिटीत व्हिलाचा वरचा मजला होता, आमच्या मुलीची, झोयाची शाळा चांगली होती, आणि तिघांची इन्शुरन्सची कार्डं माझ्या पर्समध्ये होती. मग २००८ ची मंदी आली. कंपनीचे टॉवर अर्धे उभे राहिले आणि तसेच राहिले. साहेब लोक म्हणत राहिले, इन्शाल्ला सगळं ठीक होईल, आणि एके दिवशी त्यांच्याच केबिनला कुलूप लागलं. इर्शादला दुबईत नोकरी मिळाली, पण छोट्या मेंटेनन्स कंपनीत आणि कमी पगारावर. अल कुसैसला चिपळूणच्या एका कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेतला. एक खोली त्यांची, एक आमची, किचन सगळ्यांचं. नव्या कंपनीचा इन्शुरन्स फक्त इर्शादला होता. आम्हां दोघी मायलेकींची कार्डं खलास.

सामान हलवलं तेव्हा पुढच्या वर्षीचा ऑगस्ट होता आणि रमजानही. चौथ्या मजल्यावरची लिफ्ट बंद होती. रोजा धरून, घशाला कोरड पडलेली, मी खोकी चढवत होते. संध्याकाळी इफ्तारचा खजूर तोंडात ठेवला आणि मांड्यांत कळ आली. ओला कपडा पिळतात तसं कोणीतरी आतून हाड पिळत होतं. अशा कळा मला लहानपणापासून येत, पण त्या येऊन जायच्या. ही बसूनच राहिली. मग पाठीत गेली, मग छातीच्या पिंजऱ्यात.

रत्नागिरीहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "रोजे सुरू झाले की बायकांना बरं दुखायला लागतं." मी फोन इर्शादच्या हातात दिला आणि आडवी पडले.

खुर्ची

इमर्जन्सीत गेलो. इर्शाद गाडी लावायला गेला आणि मी काउंटरवर वाकून उभी राहिले. उभंही धड राहवत नव्हतं. काउंटरवरची नर्स इंग्रजीत म्हणाली, "वेट, मामा." इथे आफ्रिकन बायकांना सगळे मामा म्हणतात, म्हणजे आई. मी कण्हत होते. ती शेजारणीला हिंदीत म्हणाली, "ये लोग ऐसे ही चिल्लाते हैं. इंजेक्शन चाहिए बस."

हिंदी मला चांगली समजते, पण तेव्हा उत्तर द्यायलाही श्वास पुरत नव्हता. बाकावर जागा नव्हती, म्हणून मी जमिनीवर बसले. माझ्या आधीपासून एक बाई तिथे पोट धरून बसली होती. नायजेरियाची, नाव ब्लेसिंग, दुबईच्या देरा भागात एका सलूनमध्ये वेण्या घालायची. तिने तिची ओढणी घडी करून माझ्या पाठीमागे सरकवली.

इर्शाद आला, त्याने पासपोर्ट काउंटरवर ठेवला. नर्सचा चेहरा बदलला. "अरे, इंडियन हो? पहले बताना था ना." लगेच व्हीलचेअर आली, पाणी आलं, आतल्या खोलीतला पलंग रिकामा झाला. मी कळवळत होते तेव्हा जे कोणाला दिसलं नाही, ते पासपोर्टमुळे दिसलं. खुर्ची वळली तेव्हा ब्लेसिंग तिथेच बसलेली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "सो यू आर इंडियन. गुड फॉर यू, सिस्टर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो मला आला आणि अजून गेलेला नाही.

आणि त्या पासपोर्टने केलं काय? इथे इंडियन बायकांना दोनच आजार होतात, व्हिटॅमिन डी कमी आणि टेन्शन जास्त. मला दोन्ही झाले. गोळ्या घेऊन घरी पाठवलं. पुन्हा गेलो, पुन्हा गोळ्या. एका डॉक्टरने इर्शादला बाजूला घेऊन विचारलं की नोकरी गेल्यापासून घरात वाद होतात का. आफ्रिकन समजले तेव्हा माझं दुखणं खोटं होतं, आणि इंडियन समजले तेव्हा ते मनाचं होतं.

या सगळ्यात झोयाचंही चालू होतं. नऊ वर्षांची होती. महिन्या-दोन महिन्यांतून तिचे गुडघे, मनगटं दुखायची. शाळेतली नर्स म्हणायची ॲक्टिंग करते, इर्शाद म्हणायचा मॅथ्सची टेस्ट असेल. मी बाम चोळायचे. ती म्हणायची, "इट्स इनसाइड, मम्मा. बाम डझन्ट गो देअर."

वॉर्ड

शेवटी ताप आला, श्वास घेताना बरगडी कापल्यासारखी व्हायला लागली आणि मला दाखल करून घेतलं. वॉर्डात शेजारच्या पलंगावर ब्लेसिंग. तिला गर्भाशयात गाठी होत्या, रक्त जायचं थांबत नव्हतं. मला तिला पाहून बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाजही वाटली.

वॉर्डाची एक रीत असते. सकाळी अंथरूण बदलतात, मग औषधांची गाडी येते, मग डॉक्टरांची फेरी, मग पातळ डाळ आणि पुन्हा गाडी. ती गाडी दाराकडून सुरू व्हायची. ब्लेसिंगचा पलंग दाराजवळ, तरी गाडी तिच्याकडे सगळ्यांत शेवटी यायची. नर्स विचारायची, "पेन, वन टू टेन?" ब्लेसिंग सांगायची, "नाइन." नर्स म्हणायची, "यू आर टॉकिंग. सो नॉट नाइन."

"इफ आय डोन्ट टॉक," ब्लेसिंग म्हणाली, "यू विल राइट शी इज स्लीपिंग."

मी हसले आणि हसताना बरगडीतून जाळ निघाला. तीही पोट धरून हसत होती. सगळ्या नर्सा अशा होत्या असं मी म्हणणार नाही. एक फिलिपिनो मुलगी होती, ती माझ्या पायांखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि ब्लेसिंगच्या पोटावर दुसरी. कोणी न सांगता. पण एका चांगल्या मुलीची ड्यूटी संपली की माझा आजार घरी जायचा नाही.

आमच्या फ्लॅटमधल्या चिपळूणच्या भाभी डबा आणायच्या. मनाने चांगली बाई. एकदा ब्लेसिंगकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "या काळ्यांच्या शेजारी कशाला ठेवलंय तुला? इर्शादभाईंना सांग, पलंग बदलून मागा." मी माझा हात त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "भाभी, हा कुठल्या रंगाचा आहे?" त्या म्हणाल्या, "तुझं वेगळं गं. तू आपली." मटणाचा रस्सा मात्र छान केला होता.

एक प्रश्न

मग एका सकाळी फेरीला नवे डॉक्टर आले. सुदानचे, डॉक्टर उस्मान. काळे, उंच, कपाळावर नमाजचा घट्टा. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, डोळे पिवळे होते. पोट दाबलं, हात-पाय तपासले आणि एवढंच विचारलं, "व्हेअर आर युअर पीपल फ्रॉम? ओरिजिनली."

मी तोंड उघडायच्या आत इर्शाद खुर्चीतून उठला. "डॉक्टर, वी आर इंडियन्स. कोकणी मुस्लिम. नो आफ्रिकन इन अवर फॅमिली. अवर फोरफादर्स केम फ्रॉम अरेबिया." हे तो एका काळ्या माणसाच्या तोंडावर बोलत होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या खानदानात ही गोष्ट मुलांना कलम्याबरोबरच शिकवतात. आमचे वाडवडील अरब व्यापारी, गलबतातून आले, बंदरावर उतरले. माझ्याशी लग्न झालं तेव्हाही सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं होतं, मुलगी उन्हाने काळवंडलीय.

डॉक्टर उस्मान शांतपणे म्हणाले, "आय आस्क्ड हर." मग मला म्हणाले, घरात कोणाला असं हाडांचं दुखणं होतं? लहान वयात कोणी गेलं?

इर्शादने लगेच माझ्या अम्मीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याला वाटलं विषय मिटेल. अम्मी म्हणाली, "आमच्याकडे सगळे ठणठणीत. असलं काही नाही आमच्यात." मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "बेटा, नसरीनचा रिश्ता आलाय. घर चांगलं आहे. भलतंसलतं बोलू नकोस."

नसरीन माझी धाकटी बहीण. आणि मला आठवत होता रफिकमामू. पडवीतल्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. हीच अम्मी त्याच्या पायांना तेल चोळायची आणि रडायची. मिसरूड फुटलं होतं एवढंच त्याचं वय. लोक म्हणाले वारा शिरला, कोणी म्हणालं जिन. त्या अम्मीच्या तोंडून "ठणठणीत" ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मरत होते आणि माझी आई माझ्या बहिणीचा रिश्ता सांभाळत होती.

मी म्हटलं, "अम्मी, रफिकमामू कशाने गेला?" उत्तराची वाट न बघता मी डॉक्टरांकडे वळले. माझं इंग्रजी तुटकं नाही, पण त्या दिवशी मी मुद्दाम एकेक शब्द सुटा बोलले. माझ्या आई आणि वडिलांची आजी एकच. ती सिद्दी होती. आफ्रिकन. माझा मामा असाच तडफडून गेला. इर्शादने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पडद्यापाशी भाभी डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, बरं झालं.

रक्त तपासलं. सिकल सेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. आपल्याकडे विदर्भातल्या आदिवासी भागात हा आजार पुष्कळ घरांना ठाऊक आहे, आणि इथल्या अरब घरांतही आहे, असं डॉक्टर म्हणाले. पाणी कमी पडलं, अंग थकलं, की तो उसळतो. रोजा, ऑगस्ट आणि चार मजले, त्याला आणखी काय हवं होतं. इतकी वर्षं याने फार त्रास दिला नाही हे माझं नशीब, असंही ते म्हणाले. मी खूप रडले. भीतीने थोडी, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून जास्त. माझ्या दुखण्याला नाव होतं आणि ते नाव टेन्शन नव्हतं.

माझं रक्त घ्या

डॉक्टरांनी समजावलं ते सोपं आहे. आईकडून एक बिघडलेलं जनुक आणि बापाकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस ते नुसतं अंगात वागवतो, त्याला काही होत नाही. माझ्याकडून झोयाला एक गेलंच होतं. बापाकडे काही नसेल तर ती सुटली.

इर्शाद तिथल्या तिथे शर्टाची बाही वर करायला लागला. "मुलीला कशाला टोचता? माझं घ्या. विषयच संपेल." त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. रिपोर्ट यायच्या आधीच त्याने रत्नागिरीला कळवून टाकलं की झोयाला काही नाही, जे आहे ते रुबिनाकडचं. सासूबाईंनी मला फोनवर घेऊन सांगितलं, "आमच्या साफ खानदानात तुम्ही हे आणलंत." मी अजून सलाईनवर होते. मी म्हटलं, "मी एकटी नाही आले, तुम्ही बारात घेऊन न्यायला आला होता." त्यांनी फोन ठेवला.

त्याच सुमाराला ब्लेसिंगला घरी पाठवलं. घर म्हणजे देऱ्यातली खोली, सात बायकांची. सलून मंदीत बंद पडलं होतं, व्हिसा संपत आला होता, ऑपरेशनला वेळ लागणार होता आणि तिच्याकडे तो नव्हता. तिला अजून रक्त जात होतं. जाताना तिने माझे केस विंचरले. ओढून नाही, बोटांनी, टोकाकडून वर. मग चार घट्ट वेण्या घातल्या आणि म्हणाली, इतकी वर्षं कोणी शिकवलं नाही का तुला? नाही शिकवलं. आमच्याकडे हे केस लपवायला शिकवतात. तिचा फोन नंतर लागेनासा झाला. ती जगली की नाही मला माहीत नाही, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांनाही माहीत नसेल.

इर्शादचा रिपोर्ट आला. त्याच्या रक्तात ते होतं.

तो म्हणाला, चूक झाली असेल, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच आलं. मग झोयाचं घ्यावं लागलं. सुई बघून ती माझ्या कुशीत शिरली आणि विचारलं, "मम्मा, इज इट बिकॉज वी आर ब्लॅक?" एरवी तिने असं म्हटलं की इर्शाद तिला दुरुस्त करायचा, वी आर इंडियन, बेटा. त्या दिवशी तो भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत उभा राहिला. मी म्हटलं, हो, आपण तेही आहोत. पण दुखतंय ते आजाराने, रंगाने नाही. रंगामुळे फक्त लोक उशिरा विश्वास ठेवतात. तिला कितपत समजलं कोण जाणे.

झोयालाही आजार निघाला. माझ्यासारखाच, पण लवकर कळलेला. हा लवकर शब्द मी फार घट्ट धरून आहे.

ज्यांच्या घरात असं कोणी खाटेवर पाय पोटाशी घेऊन गेलेलं असेल, त्यांना माझं सांगणं आहे. लग्नाआधी रक्त तपासा. खानदान विचारता, हुंडा विचारता, मग हेही विचारा. नसरीनला मी स्वतः फोन करून तपासायला लावलं. अम्मी माझ्याशी कितीतरी महिने बोलली नाही. नसरीनच्या रक्तात ते एकच निघालं, त्या मुलाच्या रक्तात काही नाही, आणि रिश्ता टिकला. टिकला नसता तरी मी फोन केलाच असता. भरपूर पाणी प्या. आजाऱ्याला रोजा माफ आहे, सासूला विचारायची गरज नाही. आणि दुखत असेल तर बोलत राहा, कोणी नऊ नाही म्हटलं तरी.

झोयाचा रिपोर्ट मिळाला त्या दिवशी आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसलो. एसी सुरू होता, गाडी हलत नव्हती. झोया मागच्या सीटवर झोपली होती. इर्शादने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला. मॅथ्सच्या टेस्टचं बोलल्याचं त्याला आठवत असणार. त्याला बरं वाटावं असं बोलायची माझी इच्छा नव्हती.

मग त्याने रत्नागिरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अम्मी, आपले लोक मूळचे कुठले?"

"हे काय विचारणं झालं? अरबस्तानचे. गलबतातून आले."

"त्या गलबतात आणखी कोण होतं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मग सासूबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल. घरात माणसं आहेत."

इर्शादने काच खाली केली, तसा बाहेरचा सगळा उकाडा आत आला. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्याने.